परदेशातलं घर मुलांच्या नावे करताना: मृत्युपत्राच्या आधीची आणि नंतरची कामं

परदेशात घर असलेली बहुतेक माणसं वारशाचा विचार मृत्युपत्रापासून सुरू करतात. वकील गाठायचा, 'माझं तिकडचं घर माझ्या मुलीला' असं एक कलम घालायचं, सही करायची आणि कागद कपाटात ठेवायचा. पण त्या कलमाला किती वजन आहे हे मृत्युपत्रावर अवलंबून नसतं. घर कोणत्या देशात आहे, खरेदीच्या वेळी मालक म्हणून नावं कशी चढली आणि वारसा मिळेल तेव्हा मुलगी कुठे राहत असेल, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. म्हणून या लेखात मृत्युपत्र बरंच उशिरा येतं. खाली दिलेले नियम आणि आकडे दिशा दाखवण्यापुरते आहेत. करांचे नियम दर अर्थसंकल्पात हलतात, तेव्हा सही करण्याआधी घर ज्या देशात आहे तिथल्या वकिलाकडून ते पुन्हा तपासून घ्या.

पायरी १: मुलांना ते घर हवंय का?

हा प्रश्न आश्चर्य वाटावं इतक्या कमी घरांत विचारला जातो. आईवडिलांसाठी त्या घरात कष्टाची कमाई आणि आठवणी असतात. मुलांना मात्र दर वर्षीचा मालमत्ता कर, देखभाल, विमा आणि परक्या भाषेत येणारी पत्रं दिसतात. मुलाला घर नकोच असेल, तर हयातीत विकून पैसा मागे ठेवणं जवळपास नेहमीच सोपं पडतं. तुम्ही स्वतः विक्रीच्या कागदांवर सही करू शकता, भाव पटेपर्यंत थांबू शकता. वारसाला ते जमेलच असं नाही.

मुलं दोन किंवा जास्त असतील, तर 'दोघांना निम्मं निम्मं' हा निर्णय वाटतो तितका न्याय्य नसतो. एक मूल त्याच देशात राहत असेल आणि दुसरं सात समुद्रापलीकडे, तर घर एकजण वापरतो आणि खर्चाचा हिशेब दुसऱ्याला पटत नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेत तर कोणालाही सामाईक मालकीत राहण्याची सक्ती करता येत नाही असं तत्त्वच आहे. एका भावंडाने वाटणी मागितली की प्रकरण विक्रीपर्यंत जाऊ शकतं. एकाला घर आणि दुसऱ्याला तेवढ्याच किमतीची दुसरी संपत्ती, असा मेळ बसत असेल तर तो आधी बसवून बघा.

पायरी २: खरेदीखत काढा आणि मालकी नेमकी कशी आहे ते वाचा

इथेच अनेकांचं घोडं अडतं, कारण घर घेताना दलालाने समोर ठेवलेल्या कागदांवर सह्या झालेल्या असतात आणि मालकीचा प्रकार कोणी समजून घेतलेला नसतो.

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाचे बहुतेक प्रांत, अमेरिकेतली अनेक राज्यं अशा ठिकाणी दोघांच्या नावावरची मालकी मुख्यतः दोन प्रकारांत मोडते. पहिला प्रकार जॉइंट टेनन्सीचा. यात एक मालक गेला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो आणि मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी त्याला हात लागत नाही. दुसरा टेनन्सी इन कॉमनचा. यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असतो आणि तो मृत्युपत्राने देता येतो. दुसरं लग्न झालेल्या माणसाने 'माझा अर्धा हिस्सा पहिल्या लग्नाच्या मुलाला' असं लिहून ठेवलं आणि मालकी पहिल्या प्रकारची निघाली, तर मुलाच्या हाती काही लागत नाही. संपूर्ण घर हयात जोडीदाराचं होतं. इंग्लंडमध्ये जॉइंट टेनन्सी तोडून टेनन्सी इन कॉमन करता येते. ते काम साध्या लेखी नोटिशीने आणि लँड रजिस्ट्रीतल्या नोंदीने होतं. मृत्युपत्राला हात घालण्याआधी करायचं काम ते हे.

काही देशांत तुम्ही घराचे 'मालक' नसताच. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला राहतं घर थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. ते बँकेकडच्या ट्रस्टमध्ये असतं, म्हणजे कागदोपत्री मालक बँक आणि उपभोग तुमचा. त्याला तिथे फिदेकोमिसो म्हणतात, आणि त्याची मुदत ५० वर्षांची, पुढे वाढवता येणारी असते. या ट्रस्टच्या करारातच पर्यायी लाभार्थी म्हणून मुलाचं नाव घालता येतं, आणि ते असेल तर मृत्यूनंतरचं बरंचसं काम बँकेतच उरकतं. ते कलम रिकामं राहिलेले करार असतात, तेव्हा आपला करार काढून बघा.

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमिनीची मालकी सहसा मिळत नाही. कॉन्डोमिनियममधला फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. शिवाय परदेशी वारस त्या मालकीच्या अटींत बसत नसेल, तर त्याला तो फ्लॅट ठरावीक मुदतीत विकावा लागतो. जमिनीवरचं घर ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं असेल, तर भाडेकरूच्या मृत्यूनंतर पट्टा वारसाकडे चालू राहील असं कलम त्यात आहे का हे आज तपासा, कारण मूळ मालक हयात आणि संबंध चांगले असतानाच ते घालून घेता येईल.

पायरी ३: वारसा कोणत्या देशाच्या कायद्याने ठरेल?

जुना आणि अजूनही बऱ्याच जगात चालणारा नियम असा: स्थावर मिळकत जिथे, कायदा तिथला. तुमचं नागरिकत्व आणि राहण्याचं ठिकाण काहीही असो, जमीन आणि घर ज्या देशात आहे तो देश स्वतःचा वारसा कायदा लावतो.

आता मेख अशी की सगळे कायदे मृत्युपत्राला सारखा मान देत नाहीत. इंग्लंडमध्ये मिळकत कोणाला द्यायची याचं बरंच स्वातंत्र्य आहे. फ्रान्समध्ये मुलांचा राखीव हिस्सा, म्हणजे मृत्युपत्राने डावलता न येणारा वाटा, असतो: एक मूल असेल तर संपत्तीचा अर्धा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. स्पेनच्या सर्वसाधारण कायद्यात दोन तृतीयांश संपत्ती मुलाबाळांसाठी बांधलेली आहे. त्यातला एक तृतीयांश सगळ्यांना समान, दुसरा एक तृतीयांश मुला-नातवंडांपैकी कोणालाही जास्त देता येतो. कॅटलोनियात हा राखीव वाटा एक चतुर्थांशावर येतो. म्हणजे स्पेनमध्येही कोणत्या प्रांताचा कायदा लागतो हे बघावं लागतं. एकच मूल असेल आणि सगळं त्यालाच द्यायचं असेल तर या नियमांचा त्रास फारसा नाही. पण 'मोठ्याचं चांगलं चाललंय, घर धाकटीला' असा विचार असेल, तर याच नियमांवर सगळं अडतं.

युरोपियन युनियनने यावर एक सोय केली आहे. ६५०/२०१२ क्रमांकाचा वारसा नियम १७ ऑगस्ट २०१५ पासून होणाऱ्या मृत्यूंना लागू आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. या नियमानुसार माणूस शेवटी जिथे नेहमीसाठी राहत होता त्या देशाचा कायदा त्याच्या सगळ्या संपत्तीला लागतो. पण मृत्युपत्रात स्पष्ट लिहून स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो, आणि ही निवड युनियनबाहेरच्या नागरिकांनाही खुली आहे. हे एक वाक्य न लिहिल्याने काय होतं ते बघा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाचं स्पेनमध्ये घर आहे. युरोपियन नियम म्हणतो, इंग्लंडचा कायदा लावा. इंग्लंडचा कायदा म्हणतो, घर स्पेनमध्ये आहे, तिथला लावा. बोट फिरून पुन्हा स्पेनकडे वळू शकतं, आणि त्याबरोबर राखीव हिश्शाचा नियमही येतो. कायदा निवडला असेल तर ही टोलवाटोलवी होत नाही.

तरी कायदा निवडला की सगळं सुटलं असं समजू नका. फ्रान्सने १ नोव्हेंबर २०२१ पासून एक तरतूद आणली आहे. परदेशी कायदा मुलांना राखीव हिस्सा देत नसेल, आणि मृत व्यक्ती किंवा तिचं एखादं मूल युनियनचं नागरिक किंवा रहिवासी असेल, तर डावललेलं मूल फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई मागू शकतं. आणि कायद्याच्या या निवडीचा कराशी काही संबंध नाही. कर प्रत्येक देश आपल्या मर्जीने लावतो.

दुबईत घर असलेल्यांसाठी थोडं वेगळं चित्र आहे. संयुक्त अरब अमिरातीत बिगरमुस्लिमांसाठीचा २०२२ चा ४१ क्रमांकाचा संघीय कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार मृत्युपत्र नसेल तर सर्वसाधारणपणे अर्धी संपत्ती जोडीदाराला आणि अर्धी मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद न करता जाते. मृत्युपत्र करायचं असेल तर दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरमध्ये २०१५ पासून बिगरमुस्लिमांची मृत्युपत्रं नोंदवण्याची सोय आहे. तिथे घर असेल तर अशी नोंदणी टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणीचा खर्च डोळ्यांत भरण्याजोगा आहे खरा, पण मागे राहिलेल्यांच्या कोर्टाच्या फेऱ्या वाचतात.

पायरी ४: कर एका देशाचा नाही, तीन देशांचा बघायचा

घराचा देश, तुमचा देश आणि मुलाचा देश. तिसऱ्याचा विचार जवळपास कोणीच करत नाही.

घराच्या देशापासून सुरुवात करू. युनायटेड किंग्डममधलं घर असेल तर मालक जगात कुठेही राहत असो, ३ लाख २५ हजार पौंडांवरच्या किमतीला सहसा ४० टक्के वारसा कर लागतो. परदेशी कंपनीच्या नावावर घर ठेवून हा कर चुकवण्याची जुनी वाट ६ एप्रिल २०१७ पासून राहत्या घरांसाठी बंद झाली आहे. अमेरिकेत तर आकडा ऐकून माणूस दचकतो. तिथल्या नागरिकांना आणि कायम वास्तव्य असणाऱ्यांना कोट्यवधी डॉलरची सूट असते, पण जो नागरिक नाही आणि तिथे कायमचा राहतही नाही, त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला फक्त ६० हजार डॉलरची सूट, आणि त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत कर. काही देशांशी असलेल्या करारांमुळे हे थोडं सुसह्य होतं, पण असे करार मोजकेच आहेत. प्राप्तिकराबाबत दोन देशांत करार आहे म्हणजे वारसा कराबाबतही असेल, हा गैरसमज महागात पडतो.

याउलट पोर्तुगालमध्ये वारशावर १० टक्के स्टॅम्प ड्यूटी आहे, पण जोडीदार, मुलं आणि आईवडील तिच्यातून मुक्त आहेत. इटलीत प्रत्येक मुलाला १० लाख युरोंपर्यंत सूट आणि त्यावर ४ टक्के. सिंगापूरने २००८ मध्ये आणि हाँगकाँगने २००६ मध्ये इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या संपत्तीवरचा कर, रद्द केली. कॅनडात वारसा कर नाही, पण मृत्यूच्या क्षणी घर बाजारभावाने विकलं असं धरून झालेल्या नफ्यावर कर लागतो. 'वारसा कर नाही' एवढं ऐकून थांबू नये ते यासाठी.

स्पेन हा या बाबतीत मजेशीर देश. केंद्रीय नियमानुसार २१ वर्षांवरच्या मुलाला सूट १६ हजार युरोंच्याही आत आहे. पण माद्रिद, अँडालुसिया अशा प्रांतांत मुलांच्या वारसा करात ९९ टक्के सवलत आहे. आधी ती परदेशी वारसांना नाकारली जाई. २०१४ मध्ये युरोपियन न्यायालयाने आणि २०१८ मध्ये स्पेनच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मोडून काढला. सल्लागार जुन्या नियमावर चालत असेल तर मुलाला कराचा विनाकारण फटका बसेल, म्हणून हा प्रश्न त्याला थेट विचारा.

आता तुमचा देश. तुम्ही राहता तो देश जगभरच्या संपत्तीवर वारसा कर लावत असेल, तर परदेशातलं घर त्याच्याही हिशेबात येतं. युनायटेड किंग्डमने ६ एप्रिल २०२५ पासून हाच निकष वास्तव्यावर आणला आहे: मागच्या २० कर वर्षांपैकी १० वर्षं तिथे राहिलेल्या माणसाची जगभरातली संपत्ती करपात्र. भारतात १९८५ मध्ये इस्टेट ड्यूटी गेली आणि तेव्हापासून वारसा कर नाही, पण तिथे सामान्य करनिवासी असणाऱ्याला परदेशातली मिळकत प्राप्तिकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावीच लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. घर वारशाने मिळालेलं असलं तरी हा नियम लागू.

आणि मुलाचा देश. जर्मनीत राहणाऱ्या मुलीला दुसऱ्या देशातलं घर मिळालं, तरी जर्मनी त्यावर कर मागतो, कारण तिथे वारस कुठे राहतो यालाही महत्त्व आहे. आईवडिलांकडून येणाऱ्या वारशाला प्रत्येकी ४ लाख युरोंची सूट आहे, आणि वारसा कळल्यापासून तीन महिन्यांत कर कार्यालयाला कळवावं लागतं. फ्रान्समध्ये मागच्या १० पैकी ६ वर्षं राहिलेला वारसही तसाच जाळ्यात येतो. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला परदेशी माणसाकडून मिळालेल्या वारशावर कर नाही, पण रक्कम १ लाख डॉलरच्या वर असेल तर ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. तो विसरला तर दंड वारशाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कर शून्य आणि दंड पाव वाटा! एका फॉर्मसाठी.

तीन देशांची नावं एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर कर, सूट आणि मुदत लिहा, आणि दोन देश एकाच घरावर कर घेत असतील तर पहिल्याकडे भरलेला कर दुसऱ्याकडे वजा मिळतो का हे विचारा. हे काम कर सल्लागाराचं आहे. वकील यात कच्चे असू शकतात.

पायरी ५: आत्ताच द्यायचं की मागे ठेवायचं?

इथे देशागणिक उत्तर उलटं होतं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या अनुभवावरून ठरवू नका.

फ्रान्समध्ये आत्ता देणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं. तिथे मालकीचे दोन तुकडे करता येतात: घर वापरण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क आईवडिलांकडे आयुष्यभर ठेवायचा आणि उरलेली 'कोरी मालकी' मुलाला बक्षीस द्यायची. या कोऱ्या मालकीची किंमत देणाऱ्याच्या वयावरून कायद्याने ठरते. ६१ ते ७० वयात ती घराच्या किमतीच्या ६० टक्के धरतात, ७१ ते ८० मध्ये ७० टक्के. शिवाय प्रत्येक पालकाकडून प्रत्येक मुलाला १ लाख युरो करमुक्त, आणि ही सूट दर १५ वर्षांनी नव्याने मिळते.

समजा नवरा-बायको दोघंही ६५ वर्षांचे, घर ३ लाख युरोंचं, दोघांचं निम्मं निम्मं, आणि मुलगी एकच. प्रत्येकाचा हिस्सा दीड लाख, त्याची कोरी मालकी ९० हजार. १ लाखाच्या आत. बक्षीस कर शून्य. दोघांच्या मृत्यूनंतर वापराचा हक्क आपोआप संपतो आणि मुलगी कोणताही वारसा कर न भरता पूर्ण मालक होते. हेच घर मृत्यूपर्यंत ठेवलं आणि दोघांचा हिस्सा पाठोपाठ तिच्याकडे गेला, तर प्रत्येक वाट्यावर सूट वजा जाता ५० हजार करपात्र, म्हणजे दर वेळी साधारण ८ हजार युरो. आणि हाच व्यवहार ७२ व्या वर्षी केला तर कोरी मालकी १ लाख ५ हजार होते, सूट थोडी ओलांडली जाते. बक्षीसपत्र नोटरीसमोर आणि मृत्यूच्या किमान तीन महिने आधी झालेलं हवं, नाहीतर कर खातं ते मानत नाही. नोटरीचा खर्च वेगळा.

याची दुसरी बाजूही आहे. घर विकायचं झालं तर मुलीची सही लागते. मोठी दुरुस्ती कायद्याने तिच्या माथी येते. तिचं कर्जप्रकरण किंवा घटस्फोट झाला तर ती कोरी मालकी त्यात ओढली जाऊ शकते. मुलांशी बोलणं मोकळं असेल तरच हा मार्ग धरावा.

युनायटेड किंग्डममध्ये मुलाला घर बक्षीस दिल्यावर देणारा सात वर्षं जगला तर ते वारसा करातून सुटतं. पण दिल्यावरही तुम्ही तिथेच फुकट राहत असाल तर सात काय, सतरा वर्षांनीही कर लागू शकतो. बाजारभावाने भाडं भरत राहिलात तर चालतं. परदेशात राहणाऱ्या मालकाला बक्षीस दिल्यानंतर ६० दिवसांत भांडवली नफ्याचा अहवालही द्यावा लागतो.

अमेरिकेतलं घर परदेशी मालकाने हयातीत बक्षीस देणं तर बहुधा चुकीचंच. तिथे बक्षीस कराला ती ६० हजारांची सूटसुद्धा मिळत नाही, फक्त छोटी वार्षिक सूट. शिवाय बक्षीस मिळालेल्या घराला तुमची जुनी खरेदी किंमत चिकटते आणि मुलगा विकेल तेव्हा नफा मोठा दिसतो. वारशाने मिळालं तर किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. टेक्सास, कॅलिफोर्निया अशा अनेक राज्यांत 'मृत्यूनंतर हस्तांतर' अशी नोंद खरेदीखताला जोडता येते. त्यामुळे प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचं, काम वाचतं आणि हयातीत ती नोंद कधीही रद्द करता येते. तिथे घर असेल तर हा पर्याय आधी विचारा.

ट्रस्टबद्दल एकच सांगतो. इंग्रजी पद्धतीच्या कायद्याच्या देशांत ट्रस्ट उत्तम चालतो, पण तोच ट्रस्ट फ्रान्समधल्या घराला लावला की तक्रारी सुरू. तिथे ट्रस्ट ही कल्पनाच उपरी, आणि जाहीर न केल्यास दंड जबर. एका देशातल्या सल्लागाराने सुचवलेली रचना दुसऱ्या देशातल्या सल्लागाराला दाखवल्याशिवाय स्वीकारू नका.

पायरी ६: आता मृत्युपत्र

माझा कल प्रत्येक देशासाठी वेगळं मृत्युपत्र करण्याकडे आहे. घर जिथे आहे तिथल्या भाषेत, तिथल्या नोटरीसमोर किंवा वकिलाकडून केलेलं, आणि फक्त त्या देशातल्या मिळकतीपुरतं. एकच जागतिक मृत्युपत्र कायद्याने चालतं बऱ्याच ठिकाणी, पण मूळ प्रत एका देशाच्या कोर्टात अडकली की दुसऱ्या देशातलं काम भिजत पडतं.

वेगळी मृत्युपत्रं करताना एक वाक्य फार जपून वाचा. जवळपास प्रत्येक छापील नमुन्याच्या सुरुवातीला असतं: 'याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे.' घरच्या देशातलं मृत्युपत्र नव्याने करताना हे वाक्य तसंच राहिलं, तर परदेशातलं मृत्युपत्र त्याच सहीने खलास. तिथे असं हवं: 'अमुक देशातील माझ्या मिळकतीबाबत अमुक तारखेस केलेले मृत्युपत्र वगळून, याआधीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे.' दोन्ही मृत्युपत्रांत एकमेकांचा उल्लेख करा, आणि दोन्ही वकिलांना एकमेकांचे मसुदे पाठवा.

साक्षीदार म्हणून मुलाला किंवा त्याच्या जोडीदाराला कधीही बसवू नका. इंग्लंडच्या कायद्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं दान रद्द होतं, मृत्युपत्र मात्र तसंच राहतं. तिथे नंतर लग्न केलं तर जुनं मृत्युपत्रही सहसा आपोआप रद्द होतं. मूल अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असेल तर पालकाचं नाव लिहाच, पण अनेक देशांत अज्ञान मुलाचं घर विकायला कोर्टाची परवानगी लागते हेही लक्षात ठेवा. स्पेनमध्ये नोटरीसमोर केलेल्या मृत्युपत्राची नोंद माद्रिदच्या केंद्रीय नोंदणीत होते. तिथून शेवटचं मृत्युपत्र कोणतं ते कळतं, म्हणून मुलाकडे निदान नोटरीचं नाव आणि तारीख हवी.

पायरी ७: मुलाच्या हातात द्यायची फाइल

वकिलांच्या फीपेक्षा या फाइलवर जास्त वेळ घालवा. खरेदीखताची आणि भूमी नोंदीच्या उताऱ्याची प्रत, घराच्या देशातला तुमचा कर क्रमांक, कर्ज असेल तर त्याचे कागद, विम्याची पॉलिसी, सोसायटीचा आणि चाव्या सांभाळणाऱ्याचा संपर्क, भाडेकरार, मृत्युपत्रांच्या प्रती आणि मूळ प्रत कुठे आहे याची चिठ्ठी. खरेदी किंमत आणि सुधारणांवर केलेल्या खर्चाच्या पावत्याही, कारण पुढे नफ्याचा हिशेब त्यांवर होतो.

नावं जुळतात का ते अक्षर न अक्षर तपासा. खरेदीखतात मधलं नाव गाळलेलं, पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं माहेरचं नाव: हा गुंता तुम्ही हयात असताना एका प्रतिज्ञापत्राने सुटतो. नंतर तीच व्यक्ती तीच हे सिद्ध करताना वारसाच्या नाकी नऊ येतात. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला घराच्या देशात चालण्यासाठी १९६१ च्या हेग करारानुसार अपॉस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का, लागतो, आणि अनेकदा तिथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाचं भाषांतरही. चीन २०२३ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये या करारात आले, त्यामुळे जुनी माहिती धरून दूतावासाच्या रांगेत उभं राहू नका.

रोख पैशाची सोय हा यातला सर्वात दुर्लक्षित भाग. अनेक देशांत मालकाचं बँक खातं मृत्यूची खबर लागताच गोठतं, आणि विजेचं बिल, विमा, सोसायटीची वर्गणी त्याच खात्यातून जात असते. रिकाम्या घराचा विमा काही आठवड्यांनी पातळ होतो हेही पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं. वर युनायटेड किंग्डमसारख्या ठिकाणी वारसा कराचा हप्ता आधी भरावा लागतो, मग प्रोबेट मिळतं, आणि प्रोबेटशिवाय घर विकता येत नाही. कर मृत्यूच्या महिन्यानंतरच्या सहाव्या महिन्याअखेर देय असतो. घराच्या बाबतीत तो दहा वार्षिक हप्त्यांत भरता येतो, पण पहिला हप्ता तरी हातात हवा. मुलाच्या स्वतःच्या खात्यात किंवा त्याला लाभार्थी केलेल्या आयुर्विम्यात वर्षभराचा खर्च आणि पहिला हप्ता भागेल एवढी तजवीज करा. मुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नका. ते तुम्ही आजारी असताना उपयोगी, पण मृत्यूबरोबर संपतं.

फाइलच्या पहिल्या पानावर मुदती मोठ्या अक्षरात लिहा. स्पेनमध्ये वारसा कर सहा महिन्यांत, मुदतवाढ हवी असेल तर पहिल्या पाच महिन्यांत अर्ज. फ्रान्समध्ये मृत्यू तिथेच झाला तर सहा महिने, बाहेर झाला तर एक वर्ष. अमेरिकेत नऊ महिने. जपानमध्ये कर दहा महिन्यांत, आणि एप्रिल २०२४ पासून वारशाने आलेल्या घराची नोंद तीन वर्षांत करणं सक्तीचं. जर्मनीत कर्जात बुडालेला वारसा नाकारायचा असेल तर सहा आठवडे, आणि वारस परदेशात असेल तर सहा महिने. ही शेवटची मुदत विशेष महत्त्वाची, कारण जर्मनी, फ्रान्स, स्पेनसारख्या देशांत वारशाबरोबर मृताची कर्जंही गळ्यात पडतात. घरावर कर्ज असेल किंवा तुमची इतर देणी मोठी असतील, तर मुलाने कोणत्याही कागदावर 'वारसा स्वीकारला' अशी सही करण्याआधी देण्यांची यादी मागवावी आणि फक्त मिळकतीच्या किमतीपुरतीच जबाबदारी घेण्याचा मार्ग त्या देशात आहे का ते नोटरीला विचारावं, हे त्याच पानावर लिहून ठेवा.

पायरी ८: फेरतपासणी

घराच्या देशाचा कर कायदा बदलला, कुटुंबात लग्न, घटस्फोट किंवा जन्म झाला, किंवा तुम्ही अथवा मुलाने देश बदलला, की पायरी ३ आणि ४ पुन्हा करा. मुलाचं स्थलांतर सगळ्यात जास्त निसटतं. त्याने नव्या देशात नोकरी स्वीकारल्याचं कळवलं की अभिनंदनाच्या फोननंतर दुसरा फोन कर सल्लागाराला लावा.